फोनला घाबरतो, समन्स ड्रॉवरमध्ये टाकतो

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात क्रेडिट कार्डाचं बिल थकलेल्या घरात दोन प्रकारचे कागद येतात. पहिला मोबाईलवर. व्हॉट्सअ‍ॅपला पीडीएफ, वर तराजूचं चित्र, लाल अक्षरांत ‘लीगल नोटीस’, खाली दिल्लीच्या नाहीतर मुंबईच्या वकिलाची स्कॅन केलेली सही आणि ‘४८ तासांत रक्कम न भरल्यास फौजदारी कारवाई’. दुसरा, म्हणजे समन्स, पोस्टाने नाहीतर कोर्टाच्या बेलिफाच्या हातून येतो. साधा पांढरा कागद, कन्नड किंवा इंग्रजी मजकूर, गोल शिक्का, दाव्याचा नंबर, हजर राहायची तारीख. ना चित्र, ना लाल अक्षर, ना धमकी. पहिला आला की घरात रात्री कुणी नीट जेवत नाही. दुसरा टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये लाइट बिलांच्या गठ्ठ्यात जाऊन पडतो.

व्हायला हवं नेमकं उलट. पीडीएफकडे शांतपणे बघता येतं. समन्सकडे मात्र पाठ फिरवली, की हरण्यासाठी आणखी काही करावं लागत नाही. वसुलीच्या धंद्याचं सगळं बळ या उलट्या भीतीत आहे. गल्लीत बोभाटा होईल ही धास्ती आणि हातातल्या कागदाची भाषा न कळणं, या दोन गोष्टींवर ती भीती पोसली जाते. घेतलेले पैसे देणं लागतो, त्याबद्दल वाद नाही. पण ते वसूल करायला बँकेला कायद्याने एक वाट दिली आहे, ती कोर्टातून जाते. त्या वाटेला न लागता फक्त कोर्टाचं नाव घेऊन पैसे काढायची पद्धत बंद झाली पाहिजे, आणि सीमाभागातल्या माणसाने तोवर कोर्टाला कमी आणि फोनला जास्त घाबरायचं सोडलं पाहिजे.

आधी तुरुंगाचं बघू, कारण फोनवरचं पहिलं वाक्य त्याचंच असतं. कार्डाचे पैसे थकणं हा दिवाणी मामला आहे. पैसे नव्हते म्हणून भरता आले नाहीत, एवढ्यावर पोलीस कुणाला उचलत नाहीत. फसवणूक ठरायची तर कार्ड घेतानाच बुडवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, म्हणजे बनावट पगारपत्रक, दुसऱ्याची कागदपत्रं, असलं काही. तीन वर्षं वेळेवर बिल भरणाऱ्या आणि मग उद्यमबागेतल्या कारखान्यात कामावरून ब्रेक मिळालेल्या कामगारावर तो आरोप चिकटवणं सोपं नाही. तरी फोनवर अजून ‘चारसोबीस लावतो’ हेच चालू आहे. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली, फसवणुकीचं कलम आता ३१८ आहे. हल्लीच्या थकबाकीच्या नोटिशीत ४२० छापलेलं दिसलं, तर मसुदा जुना आहे आणि पाठवणाऱ्याने तुमची फाईल उघडूनही पाहिलेली नाही, असं खुशाल समजावं.

फौजदारीकडे जाणारी दोन दारं मात्र खरी आहेत, आणि ती बहुतेक वेळा कर्जदारच उघडून देतो. घरी आलेला माणूस म्हणतो, “दोन कोरे चेक द्या, टाकणार नाही, साहेबांना दाखवायला पाहिजेत.” चेक दिला, तो वटला नाही, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १३८ लागतं. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत त्यांनी नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही पैसे भरायचे, नाही भरले तर पुढच्या एका महिन्यात त्यांनी तक्रार करायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खात्यातून आपोआप पैसे कापायच्या मँडेटचंही तेच. ते परत गेलं तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७ चं कलम २५ आहे, शिक्षा तेवढीच. म्हणून थकल्यानंतर कोरा चेक नाही आणि नव्या मँडेटवर सही नाही. साध्या दिवाणी देण्याचं फौजदारी प्रकरण करायला त्यांना एवढंच हवं असतं.

आता ती पीडीएफ. तिच्यात तीन गोष्टी शोधायच्या: कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर आणि सीएनआर. सीएनआर म्हणजे अक्षरं आणि आकडे मिळून सोळा खुणांचा क्रमांक. कर्नाटकातला ‘केए’ने सुरू होतो, महाराष्ट्रातला ‘एमएच’ने. ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपमध्ये तो टाकला की वादी, प्रतिवादी, पुढची तारीख, आतापर्यंत काय झालं, सगळं फुकट दिसतं. नंबर नसेल तर तुमच्या नावानेही शोधून बघता येतं. बहुतेक पीडीएफवर यातलं काहीच नसतं, असतं ते ‘प्री-लिटिगेशन’. शब्द भारदस्त आहे, अर्थ मात्र ‘दावा अजून घातलेला नाही’ एवढाच. ‘अरेस्ट वॉरंट’ची पीडीएफ तर सरळ खोटी समजावी. वॉरंट कोर्ट काढतं, बजावतात पोलीस, आणि ते वसुली एजंटाच्या मोबाईलवरून येत नाही. ‘आज पाच वाजता घर सील करायला येतोय’ हेही तसंच. कोर्टात न जाता तारण जप्त करायचा सरफेसी कायदा तारण असलेल्या कर्जाला लागतो, आणि कार्डाच्या मागे तारणच नसतं. कोर्टाच्या हुकुमाशिवाय घराच्या उंबऱ्याला कुणी हात लावू शकत नाही.

लोकअदालतीच्या नोटिशीबद्दल थोडं वेगळं सांगावं लागेल, कारण ती खरी असू शकते. तिथे न गेल्यामुळे तुमच्याविरुद्ध निकाल लागत नाही, ते तडजोडीचं बोलावणं असतं. पण तिथे सही केलीत तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच, म्हणजे दाव्याच्या निकालाइतकाच, पक्का, आणि त्यावर अपील नाही. बेळगावच्या कोर्टात बोलावलं असेल तर जावं, हिशेबाचा कागद मागावा, आणि आपल्याला झेपेल असा आकडा घरातून ठरवून जावं. तिथल्या बाकावर बसून, मागे रांग उभी असताना आकडा ठरवणारा नेहमी चुकतो.

खऱ्या समन्सचं गणित दिवसांवर चालतं. साध्या दाव्यात ते बजावल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, द्यायची असते, सबळ कारण असेल तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत वाढवून देतं. दावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली, म्हणजे समरी सूट (झटपट निकालाचा दावा) म्हणून घातला असेल, तर पहिली हजेरी दहाच दिवसांत लावावी लागते. ती चुकली की बँकेचं म्हणणं कबूल आहे असं धरून निकाल होतो. समन्सवर ‘ऑर्डर ३७’ लिहिलंय का, हे वकिलाकडे जायच्या आधी बघण्यासारखी पहिली गोष्ट.

इथेच सीमाभागाची एक खास अडचण आहे. आपली पोरं पुण्याला, कोल्हापूरला, गोव्याला कामाला. कार्ड पुण्याच्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर घेतलेलं, खोली सुटून दोन वर्षं झाली, माणूस आता नंदगडला परत. दावा पुण्यात लागतो, समन्स पुण्याच्या खोलीवर जातं, निकाल एकतर्फी होतो, आणि तो हुकूमनामा बजावणीसाठी बेळगाव जिल्ह्यातल्या कोर्टात वर्ग होऊन येतो. घरच्यांना पहिल्यांदा कळतं ते तेव्हा. एकतर्फी निकाल रद्द करून घेता येतो, पण मुदत ३० दिवसांची. समन्स नीट बजावलंच नव्हतं असं दाखवता आलं तर ते ३० दिवस निकाल कळल्यापासून मोजतात. म्हणून कार्ड थकलेलं असताना पत्ता लपवण्यात शहाणपणा नाही. उलट नवा पत्ता बँकेला ईमेलने कळवून त्याची प्रत जपून ठेवावी. लपणाऱ्याला फोन सापडतातच, हुकतं ते नेमकं समन्स.

बेलीफ दारात आला आणि कर्ता घरी नसला, तर घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं. घ्यायला नकार दिला तर ते दाराला चिकटवतात आणि बजावलं असं धरतात. वसुलीवाल्यांनी वर्षभर छळलेल्या घरातली म्हातारी बेलिफालाही त्यांच्यातलाच समजते आणि दार लावून घेते. खोट्या नोटिशींनी केलेलं सगळ्यात मोठं नुकसान मला हेच वाटतं. त्यांनी खऱ्या कागदाची किंमत घालवली.

कोर्टात जायला घाबरू नये म्हणतो त्याचं कारण असं की फोनवर बँकेला काही सिद्ध करावं लागत नाही, कोर्टात सगळं करावं लागतं. सही केलेला अर्ज, व्याजाची अट, महिन्यावार स्टेटमेंट, त्या संगणकीय कागदांसोबतचं प्रमाणपत्र. दावा लागल्यानंतर व्याज किती द्यायचं हे कोर्ट ठरवतं, आणि दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २०, नियम ११ खाली हप्ते बांधून द्यायचा अधिकारही कोर्टाला आहे. आणि समजा हरलात. मग काय काय जातं?

फोनवर सांगतात त्यापेक्षा बरंच कमी. संहितेच्या कलम ६० ची यादी एकदा तरी वाचावी अशी आहे. शेतकरी, मजूर, घरकाम करणारे यांचं राहतं घर जप्त होत नाही. कारागिराची अवजारं, शेतीची अवजारं, बैलजोडी, बियाणं होत नाही. वडगावातल्या हातमागावर पोट असलेल्या विणकराचा माग याच कारणाने वाचवता येतो. प्रॉव्हिडंट फंड, सरकारी पेन्शन, ग्रॅच्युइटी, मजुराची मजुरी, हेही बाहेर. पगाराचं गणित असं: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. पगार २५,००० असेल तर १,००० अधिक १६,००० असे १७,००० हात न लावता राहतात आणि महिन्याला जास्तीत जास्त ८,००० कापले जातात. एकाच हुकूमनाम्यापोटी हे एकूण २४ महिनेच चालतं, पुढे त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा मोकळा. ‘सगळा पगार अडकवतो’ म्हणणाऱ्याला हे २४ महिने माहीत असतात, तो सांगत नाही एवढंच. दिवाणी कैदेचंही भूत आहे. बाईला पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक करता येत नाही. पुरुषालाही ऐपत असून मुद्दाम न दिल्याशिवाय नाही, नुसत्या गरिबीसाठी कैद नाही हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगून ठेवलंय.

खरी टाच बसते ती भलतीकडूनच. कार्ड ज्या बँकेचं त्याच बँकेत पगाराचं खातं असेल, तर बँक त्या खात्यावर लीन लावून, म्हणजे पैसे अडवून, थकबाकी वळती करून घेऊ शकते. तसं कलम कार्डाच्या अटींमध्ये बहुधा असतंच. एक तारखेला पगार जमा, दोन तारखेला शिल्लक शून्य, आणि घरभाडं थकलं. तेव्हा थकायची चिन्हं दिसू लागली की पहिलं काम पगाराचं खातं दुसऱ्या बँकेत हलवायचं. यात बुडवेगिरी काही नाही. रेशन आणि शाळेची फी आधी, हे कुठल्याही घरचं धोरण असतं.

व्याजाबद्दल लोकांच्या मनात अजून धूसरपणा आहे, म्हणून आकडाच घेऊ. ८०,००० रुपये थकलेत, दर महिन्याला पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४५. महिन्याचं व्याज ३,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ५४०. बिलावर ‘किमान रक्कम’ पाच टक्के धरली तर ४,०००. ते चार हजार इमानदारीत भरले तर मुद्दल उतरते ४६० रुपयांनी. आणि काहीच भरलं नाही तर ३,५४० अधिक लेट फी, समजा १,००० आणि तिच्यावरचा कर १८०, असे ४,७२० नव्याने चढले. शिवाय एकदा बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस उरत नाहीत, किराणा घेतल्या दिवसापासून व्याज. या दराला वरची मर्यादाही नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ ला रद्द केली. मात्र रिझर्व्ह बँकेच्या कार्ड नियमांत दोन गोष्टी कामाच्या आहेत. देय तारीख उलटून तीन दिवस गेल्याशिवाय लेट फी लावायची नाही, आणि न भरलेली फी व कर मुद्दलात घालून त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही. तडजोडीला बसायच्या आधी स्टेटमेंट काढून पेन्सिलीने हे तपासावं. ‘एवढे टोटल आहेत’ या आकड्यात कुठे काय मिसळलंय ते तेव्हाच दिसतं.

किमान रक्कम भरत राहणं हा सगळ्यात महागडा प्रामाणिकपणा आहे. त्याहून वाईट म्हणजे दुकानात कार्ड घासून दोन-तीन टक्के कमिशनवर रोख घेणं आणि त्यातून दुसऱ्या कार्डाचं बिल भरणं. एका कार्डाचा खड्डा दुसऱ्या कार्डाने बुजवणाऱ्याकडे वर्षाअखेरीला तीन खड्डे असतात, आणि कार्डाचा असा वापर नियमबाह्य असल्यामुळे बोलायला तोंडही उरत नाही.

आता फोन करणाऱ्यांकडे. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट लिहिलंय: सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन नाही. शिवीगाळ नाही, धमकी नाही, सारखे सारखे फोन नाहीत, चारचौघांत अपमान नाही, नातेवाईक, मित्र, रेफरन्स दिलेली माणसं यांना त्रास नाही. एजंटाने काय केलं याला बँक जबाबदार. २००८ पासूनचा नियम असा की दारात येणाऱ्याकडे ओळखपत्र, बँकेचं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत हवी. २००८ च्याच परिपत्रकात कुणी फारसं न वापरलेलं एक वाक्य आहे: कर्जदाराची तक्रार बँकेकडे पडून असेल, तर तिचा निकाल लागेपर्यंत प्रकरण वसुली एजन्सीकडे द्यायचं नाही, तक्रार उगाच त्रास देण्यासाठी केल्याचं बँकेला दाखवता आलं तरच अपवाद. म्हणजे लेखी तक्रार हा नुसता राग काढायचा मार्ग नाही, तिने एजंटाचं काम थांबतं. महिनाअखेर जवळ आली की फोन का वाढतात तेही सांगतो. एजंटाची कमाई ‘बकेट’वर, म्हणजे बाकी किती दिवस थकली त्या टप्प्यावर, असते: ३० दिवस, ६० दिवस, ९० दिवस. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडीत, होतं, त्याआधी तुमच्याकडून ‘पीटीपी’, म्हणजे भरण्याची कबूल तारीख, घेतली की त्याचा आकडा हलतो. तुमचा अमुक तारखेचा होकार त्याच्या पगाराच्या हिशेबात बसलेला असतो. पैसे नसताना तारीख देऊ नका, मोडलेली तारीख पुढच्या आठवड्याच्या शिव्यांचं कारण होते.

फोनवर बोलायचंच तर एवढं: “तुमचं नाव, एजन्सीचं नाव आणि बँकेचं पत्र ईमेल करा, मी लेखी उत्तर देतो.” मग फोन ठेवायचा. कॉल रेकॉर्ड करायचा, वहीत तारीख, वेळ, नंबर, शब्द लिहायचे. गल्लीत माणूस आला, शेजारी विचारतात “कोण आल्ते रे?”, तेव्हा लाजेने घरात ओढून घेण्यापेक्षा दारातच ओळखपत्राचा फोटो काढावा. फोटो काढायला लागलात की निम्म्या जणांना दुसरीकडे जायचं आठवतं. नंतर बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल: कार्डाचे शेवटचे चार आकडे, कॉलची यादी, रेकॉर्डिंग, आणि दोन मागण्या, एक म्हणजे एजंट थांबवा, दुसरी म्हणजे पूर्ण हिशेब द्या. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ‘सीएमएस’ पोर्टलवर, किंवा चंदीगडला सेक्टर १७ मधल्या केंद्राला साध्या पोस्टाने. फी नाही, वकील लागत नाही, चौकशीसाठी १४४४८. ३० दिवस न थांबता थेट लोकपालाकडे गेलेली तक्रार परत येते, आणि लोक म्हणतात, तिथे काही होत नाही.

पोलीस असल्याचं सोंग घेतलं, अंगावर धावून आला, घरच्या बायकांचे फोटो फिरवायची भाषा केली, तर प्रकरण रिझर्व्ह बँकेच्या पलीकडे गेलं. न्याय संहितेचं कलम २०४ सरकारी नोकराच्या तोतयेगिरीचं, ३५१ धमकीचं. ठाण्याने घेतलं नाही तर शहरात पोलीस आयुक्तांना, तालुक्यात जिल्हा अधीक्षकांना पोस्टाने पाठवावं. २०२५ च्या सुरुवातीला कर्नाटक सरकारने मायक्रोफायनान्सच्या छळाविरुद्ध अध्यादेश काढला, पुढे त्याचा कायदा झाला, त्याचा इथे बराच गाजावाजा झाला. त्याचा रोख विनानोंदणी सावकारी आणि छोट्या कर्जांवर आहे. बँकेच्या कार्डाच्या तक्रारीत तोच पुढे केला तर अर्ज चुकीच्या टेबलावर जातो.

जुन्या बाकीचा एक सापळा वेगळा सांगावा लागेल. पैशाच्या दाव्याची मुदत तीन वर्षं. पण मध्ये तुम्ही लेखी कबुली दिलीत तर तिथून नवी तीन वर्षं सुरू होतात, तुमच्या सहीच्या किंवा हस्ताक्षराच्या कागदानिशी थोडे पैसे भरलेत तरी तेच. सहा वर्षांपूर्वीची थकबाकी बँकेने एखाद्या एआरसीला, म्हणजे थकीत कर्जं विकत घेणाऱ्या कंपनीला, विकलेली असते आणि नवा फोन येतो, “फक्त ५०० भरा, फाईल बंद करतो, आणि एक मेसेज टाका की मी देणं मान्य करतो.” त्या ५०० ने फाईल बंद होत नाही, मेलेल्या दाव्यात जीव येऊ शकतो. आधी कर्ज हस्तांतराचं पत्र मागा आणि शेवटचा भरणा कधीचा ते स्वतः बघा. मुदतीचा आडोसा घेऊन ऐपत असताना बुडवावं असं मी म्हणणार नाही, पण न कळता हक्क सोडून द्यावा असंही नाही.

तडजोड करायची असेल तर पैशाआधी कागद. बँकेच्या स्वतःच्या ईमेलवरून पत्र हवं, त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि ‘पूर्ण व अंतिम’ हे शब्द. पैसे कार्डाच्या खात्यावरच, एजंटाच्या गुगल पेवर एक रुपयाही नाही. एक हप्ता चुकला तर बहुतेक पत्रांत सूट रद्द होते, म्हणून चार हप्ते मागून तिसऱ्याला अडकण्यापेक्षा एकरकमी थोडं जास्त देणं परवडतं. मग ‘नो ड्यूज’ पत्र, आणि महिन्याभराने सिबिल तपासणं. तिथे ‘सेटल्ड’ लिहिलेलं दिसेल, ‘क्लोज्ड’ नाही. हा डाग काही वर्षं राहतो आणि घरकर्जाच्या वेळी आडवा येतो. ज्याला दोन वर्षांत घर बांधायचंय त्याने सवलत सोडून पूर्ण रक्कम फेडणं शहाणपणाचं. ज्याच्या घरात पुढे कर्ज काढायचा विचारच नाही, त्याने डागाची फिकीर करू नये.

सोनं गहाण टाकून कार्ड फेडावं का, हा प्रश्न बेळगावात पतसंस्थेच्या काउंटरवर रोज येत असेल. व्याजाच्या हिशेबात उत्तर होकारार्थी दिसतं, सोनेतारणाचा दर कार्डाच्या पावपटीच्या आसपास. पण हिशेब अर्धाच झाला. कार्डाला तारण नव्हतं, आता आहे. पगार थांबला तर आधी कोर्टाची पायरी होती, आता थेट लिलावाची तारीख. नोकरी टिकाऊ असेल आणि त्याच पैशात पूर्ण खातं बंद होत असेल तरच दागिना काढावा. अर्धी बाकी फेडायला मंगळसूत्र मोडणं हा एजंटाचा फायदा.

लवादाचं, म्हणजे कोर्टाबाहेर निवाडा देणाऱ्याचं, थोडक्यात. काही कंपन्या चेन्नई-मुंबईत स्वतःच लवाद नेमून ऑनलाइन सुनावणीची लिंक पाठवतात. एकाच बाजूने नेमलेला लवाद सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून नाकारत आणलाय. तरी लिंककडे दुर्लक्ष करू नये. ‘ही नेमणूक मला मान्य नाही’ असं पहिल्याच उत्तरात लिहून द्यावं. निवाडा झालाच तर आव्हानाला तीन महिने मिळतात.

बँकांची बाजू आहेच. दबाव नसेल तर कोण भरेल, बुडव्यांचा भार वेळेवर भरणाऱ्यांवर पडतो, छोट्या रकमेसाठी दावा परवडत नाही. यातलं शेवटचं खरं आहे, आणि तिथेच गोम आहे. ज्याला दावा परवडत नाही त्याने दावा घातल्याचं नाटक करावं, हे कुठल्या न्यायात बसतं? पावणेचार टक्क्यांचा दर ही बुडीत रकमेची किंमत आधीच वसूल करणारा आहे. तारण न घेता, पगाराची चिठ्ठी बघून, मॉलच्या दारात टेबल टाकून कार्डं वाटली, तो धोका बँकेने स्वतः पत्करलेला. भरणाऱ्यांचं म्हणाल तर ऐपत असून बुडवणारा पीडीएफला घाबरत नाही, त्याच्याकडे वकील असतो. पीडीएफला घाबरतो तो मच्छेच्या वसाहतीतला शिफ्टवाला.

मागणी फार मोठी नाही. दाव्याचा नंबर नसलेल्या कुठल्याही कागदावर कोर्टाचं चिन्ह, वॉरंटची भाषा किंवा फौजदारी कलम छापायला बंदी, आणि छापलं तर दंड एजन्सीला नाही, बँकेला. दुसरी भाषेची. अटींचा कागद शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्यायचा म्हणतात, आणि बेळगावला स्थानिक भाषा म्हणजे कन्नड धरतात. अर्ज भरून घ्यायला येणारा मुलगा मात्र मराठीतच बोलतो, लाइफटाइम फ्री, काही टेन्शन नाही. ज्या भाषेत विकलं त्या भाषेत नोटीस द्या, एवढं मागायला सीमाप्रश्न सुटायची वाट बघावी लागत नाही.

तोवर आपल्या हातातलं. घटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कुठल्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं त्या राज्यात किंवा देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत देता येतं. पोलीस ठाण्यात मराठीत लिहिलेला अर्ज ‘कन्नडमध्ये आणा’ म्हणून परत करत असतील तर त्याच अर्जाच्या वर कलम ३५० लिहून रजिस्टर पोस्टाने वरच्या कार्यालयात धाडावा. कोर्टाच्या कागदाला मात्र भाषेची सबब चालत नाही. कन्नड वाचता येत नसेल तर तो ड्रॉवरमध्ये न टाकता त्याच दिवशी वाचून घ्यायचा: शेजारच्या कॉलेजातल्या पोरीकडून, नाहीतर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती बसते. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्न न बघता वकील फुकट मिळतो, फोन १५१००. जाताना समन्स, त्याचं पाकीट आणि पाकिटावरच्या पोस्टाच्या शिक्क्याची तारीख सोबत न्यावी. दहा किंवा तीस दिवस मोजताना ती तारीख लागते, आणि पाकीट बहुतेक जण फाडून टाकतात.